जप्त झालेली म्हैस

धनगरवाड्यावरच्या सगुणा झोरेची मोरी म्हैस भर दुपारी दावं तोडून घाटरस्त्यात जाऊन उभी राहिली. घरात दुभतं जनावर ते एकच. म्हातारी धापा टाकत खाली पोचली, तर सभापतींच्या गाडीच्या हॉर्ननं नुसता ठणाणा मांडलेला. खुर्ची मिळाली की माणसाची अक्कल आधी जाते.

“वाजवू नका, सायेब! बुजली तर दरीत जाईल.”

“जनावरं मोकाट सोडता आणि मलाच शिकवता? म्हैस जप्त! आत्तापासून ती पंचायत समितीची. आणि रस्ता अडवला म्हणून मालकाला आत टाकतो!”

सभापतींच्या गाडीतल्या शिपायानं मोरीच्या गळ्यात दोर अडकवला. पण धार काढणाऱ्या हाताखेरीज मोरी कुणाला जुमानते होय? दोर ओढला तशी ती रस्त्यात फतकल मारून बसली. मागं एसटी थांबली, ट्रक थांबले.

“बघतेस काय, म्हातारे? उठव तिला!” सभापती खेकसले.

“सरकारी जनावराला मी कसा हात लावू? म्हैस समितीची, समितीचे धनी तुम्ही. मालकाला आत टाकणार होता न्हवं? मग सायेब, कवा निघताय?”

एसटी खदाखदा हसली. सभापतींनी दोर सगुणाच्या हातात कोंबला. “तुझीच म्हैस, बाई! ने!”

“नेते की. पर वळणावरनं गाड्या येत्यात. तवर हे माझ्या डोईचं लाल फडकं घेऊन तिथं हुबं ऱ्हावा.”

सगुणानं पाठ थोपटताच मोरी उठली आणि डोंगराकडं चालू लागली. वळणावर सभापती फडकं हलवत होते, आणि येणारा प्रत्येक ट्रकवाला गाडी हळू करून त्यांना सलाम ठोकत होता.