राणीसाहेबांचा ठोका

सातवा दागिना महालाच्या खिडकीतून भिरभिरत आला आणि खाली चौकात आवडी तांबटिणीच्या नव्याकोऱ्या घंगाळावर आपटला. ठण्ण!

"अगं बाई, पोचा पडला की!" आवडी ओरडली. "कोण आहे रे वर?"

वर राणीसाहेब होत्या. खाली महाराज होते, आणि महाराजांच्या मागे हात चोळत उभे होते दरबारी सोनार नारोशेट. दागिना त्यांचाच होता. आधीचे सहाही त्यांचेच.

दसऱ्याचा दरबार दहा दिवसांवर आला होता. राणीसाहेब गळ्यात काही घालायला तयार नव्हत्या. एक हार जड, दुसरा हलका, तिसरा फार चकाकतो, चौथा मुळीच चकाकत नाही! पाचव्यातला मोर त्यांना कोंबडीसारखा दिसला होता. राणी मोकळ्या गळ्यानं दरबारात बसली, तर पाहुणे राजे म्हणणार, सोनखांब राज्याची तिजोरी रिकामी झाली!

आवडीनं तो हार उचलून उलटसुलट पाहिला. "काम छान आहे. पण शेट, हा कोणाच्या गळ्यासाठी केलात?"

"राणीच्या! अजून कोणाच्या?"

"कुठल्या राणीच्या? आपल्या राणीसाहेबांच्या की गोष्टीतल्या?"

नारोशेट लालबुंद झाले. "महाराज, हंडे-कळश्या बडवणारी बाई मला दागिने शिकवणार? हिलाच सांगा ना करायला! राणीसाहेब नावं ठेवणार नाहीत असा एक दागिना हिनं करून दाखवावा. नाही जमलं, तर ती सगळी तांबट आळी उचलून नदीपलीकडे टाका. दिवसभर ठकठक ऐकून कान किटलेत आमचे!"

महाराज इतके टेकीला आले होते की त्यांनी लगेच मान डोलावली. "ठरलं! बाई, तुला काय काय लागेल?"

आळीत बावीस घरं होती, आणि नदीपलीकडे दगडगोट्यांशिवाय काही नव्हतं. पण आवडीचं तोंड कधी मागे राहिलं नव्हतं. "वीस तोळे सोनं, आठ दिवस, आणि राणीसाहेबांच्या दालनात ऐरण ठेवायला जागा."

"दालनात?" नारोशेट खो खो हसले. "पहिल्याच ठोक्याला बाहेर फेकतील!"

दुसऱ्या दिवशी सकाळी राणीसाहेबांच्या पलंगाशेजारी ऐरण मांडली गेली. आवडीनं सोन्याचा पत्रा गळ्याच्या गोलाईत कापला आणि मठारायला बसली. तांबट भांड्यावर ठोक्याला ठोका लावून माशाच्या खवल्यांसारखी नक्षी उठवतात, ते हे काम. ठक! ठक!

"हे काय?" राणीसाहेब उठून बसल्या. "ठोका फार डावीकडे पडला."

"डावीकडे? मग कुठं हवा?"

"इथं. नाही, जरा वर. तुला समजत कसं नाही?"

"आम्ही हंडेवाले, राणीसाहेब. नुसतं बोट दाखवून आम्हाला कळत नाही. ही घ्या हातोडी."

"मी?"

"एकच ठोका. म्हणजे मला अंदाज येईल."

ठक! ठोका भलतीकडेच पडला. राणीसाहेबांनी नाक मुरडलं. दुसरा पडला, तिसरा पडला. मग राणीसाहेबांनी पदर खोचला आणि त्या म्हणाल्या, "सरक तिकडे!"

पाच दिवस महालात ठकठक चालली. सोनं ठोकून कडक झालं की आवडी ते तापवून मऊ करून द्यायची आणि पुन्हा ऐरणीवर ठेवायची. राणीसाहेबांच्या तळहाताला तीन फोड आले, तरी हातोडी सोडायचं नाव नाही. सहाव्या दिवसापासून आवडीनं कडा घासल्या, मागे फासा लावला, आणि पत्रा जिथं सगळ्यात वाकडा होता तिथंच एक टपोरा मोती बसवला. त्या मोत्यानं वाकडेपणाला अशी काही ऐट आणली, की तो मुद्दाम केल्यासारखा दिसू लागला.

दसऱ्याला राणीसाहेब दरबारात आल्या. गळ्यात तो रुंद सोन्याचा पट्टा. पाहुण्या राण्यांच्या माना वळल्या.

नारोशेटनी जवळ जाऊन डोळ्याला भिंग लावलं. त्यांना हसू आवरेना. "महाराज, हा पाहा! डावी बाजू खाली आलीय. ठोके तर असे पडलेत, जणू म्हैस ऐरणीवरून चालत गेली!"

"शेट," राणीसाहेब म्हणाल्या, "ते ठोके माझे आहेत."

दरबारात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. नारोशेटचं भिंग मात्र खरोखरच पडलं.

"म्हणजे... राणीसाहेब... म्हैस हा प्राणी तसा फार..."

"फार काय?"

"फार... नीटनेटका असतो."

"आणि डावी बाजू?"

"तीच तर मजा आहे! उजवी बाजूच जरा कमी पडते."

"उजवीही माझीच आहे."

नारोशेट खांबामागे दिसेनासे झाले.

राणीसाहेब पाहुण्या राण्यांत जाऊन बसल्या. कुठला ठोका कुठल्या दिवशी मारला, ते मोजून मोजून सांगू लागल्या. महाराजांनी आवडीला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "खरं सांग गं. वाकडा आहे ना?"

"आहे की!"

"मग तू हरलीस!"

"कशी हरले? सरळ करीन असं मी कुठं म्हणाले होते? राणीसाहेब नावं ठेवणार नाहीत असा करायचा होता. त्या तर आठवडाभर गळ्यातून काढणार नाहीत! तुम्हाला नावं ठेवायची असतील, तर खुशाल ठेवा. मी बोलावते त्यांना."

"नको, नको!" महाराजांनी तिचा रस्ताच अडवला. मग त्यांना असं हसू फुटलं, की मुकुट नाकावर आला. हसता हसताच त्यांनी हुकूम दिला. तांबट आळी जागची हलणार नाही. आवडीच्या दारावर राजमुद्रेची पाटी लागेल, आणि आजपासून महालातल्या प्रत्येक दागिन्याचं रूप तीच ठरवेल!

"आवडे!" पलीकडून राणीसाहेबांची हाक आली. "उद्या लवकर ये गं. महाराजांसाठी नवा मुकुट घडवायचाय. मी स्वतः!"