उलट बसलेली खिडकी

एका राज्यात भद्रसेन नावाचा राजा होता. राजा शूर होता, उदार होता, पण थांबणे त्याला ठाऊक नव्हते. घोडा दौडत न्यावा, जेवण उभ्याने आटपावे, आज मनात आले ते आजच व्हावे, असा त्याचा स्वभाव.

त्याने समुद्रकाठच्या राजाची कन्या सिंधुलेखा वरली. तिच्यासाठी डोंगरमाथ्यावर महाल बांधला. तिला माहेरचा वारा लागावा म्हणून पश्चिमेच्या भिंतीत खिडकी बसवायचे ठरवले. ती खिडकी कालंजन नावाच्या मांत्रिकाच्या खजिन्यातून राजाने जिंकून आणली होती. चौकट काळ्या लाकडाची, आणि तिला एक शाप होता. सुलट बसली तर वारा येईल आणि जाईल. उलट बसली तर आलेला वारा परत जाणार नाही.

सुतारांचा नायक नागदेव म्हणाला, "महाराज, हिची दोन्ही तोंडे सारखीच दिसतात. पारखायला वेळ द्यावा."

"सूर्यास्ताला राणी येते आहे. तोवर खिडकी भिंतीत हवी."

मग काय, नागदेव चौकट बसवी आणि शेजारी चितारी राजाच्या विजयाची चित्रे काढीत, त्यांवर सोन्याचा वर्ख चढवीत. सगळे आटोपल्यावर नागदेवाने झडप ओढून पाहिली. त्याचा चेहरा उतरला.

"महाराज, खिडकी उलट बसली. चौकट काढावी लागेल."

"काढली तर चित्रे जातील," राजा म्हणाला. "पडदा लाव."

पडदा लावला. राणी आली. तिच्या पाठोपाठ खिडकीतून वारा आला, आणि आत राहिला.

दुसरा वारा आला, तोही राहिला. वारा ज्या वाटेने येतो त्याच वाटेने जातो, म्हणून दारे उघडून उपयोग झाला नाही. महालात दिवा टिकेना, ताटातली पोळी ताटात राहीना. राणी केसांना गाठ मारून, खांबाला धरून चाले. आणि बाहेर राज्यभर पान हलेना. खळ्यावर मळणी झालेले धान्य भुसासकट पडून राहिले. बायका सूप उंच धरून उभ्या राहत, पण भूस उडत नसे. नदीत शिडाच्या होड्या जागच्या जागी उभ्या. लोक अर्धपोटी निजू लागले.

वाऱ्याबरोबर एक साळुंकी आत येऊन अडकली होती. ती राणीच्या खांद्यावर बसून म्हणाली, "राजा, ज्याची खिडकी त्याला विचार."

राजा नागदेवाला घेऊन कालंजनाच्या अरण्यात गेला. कालंजन वडाखाली बसला होता. तो म्हणाला, "त्या भिंतीचा चुना साध्या पाण्याने सुटायचा नाही. वाऱ्याने कधी न शिवलेले पाणी आण. चौकट सरळ बसवायला वादळातही न हलणारा ओळंबा आण. तिसरे काम तुझ्याच घरी आहे."

वाऱ्याने न शिवलेले पाणी डोंगराच्या पोटातल्या गुहेत होते. त्याची राखण एक म्हातारे कासव करी. कासव म्हणाले, "पाणी ने. पण वाटेत घाई केलीस तर ते आटेल."

नागदेवाने शिसवीचे झाकणाचे भांडे कोरले. राजा निघाला तो सवयीने घोडा दौडवीत, आणि भांडे हलके होऊ लागले. तेव्हा त्याने घोडा सोडून दिला आणि नागदेवाच्या पावलाने चालू लागला. वाटेत त्याला आपल्याच राज्यातली गावे दिसली, निश्चल झाडे दिसली, सूप घेऊन बसलेल्या बायका दिसल्या. राजा मान खाली घालून चालला.

ओळंबा एका राक्षसिणीकडे होता. तिच्या अंगणात तिरक्या शिळा उभ्या होत्या. ती पूर्वी माणसे होती, खरे लपवून दगड झालेली. राक्षसिणीने विचारले, "राजा, तुझ्या घरात वाकडे काय?"

"एक खिडकी उलट बसली आहे."

"कोणाच्या हाताने?"

नागदेवाने डोळे मिटले. राजाचे पाय घोट्यापर्यंत दगड झाले होते.

"हात या सुताराचे," राजा म्हणाला. "घाई माझी. त्याने दोनदा सांगितले, मी दोनदा ऐकले नाही."

पाय मोकळे झाले. राक्षसिणीने ओळंबा दोरीसकट त्याच्या हाती दिला.

महालात परतल्यावर तिसरे काम सांगायला कोणी लागले नाही. भिंतीवर हत्तीवर बसलेला सोन्याचा भद्रसेन होता, आणि चौकट त्याच्या छातीला लागून होती. नागदेवाने पहार उचलली नाही. राजाने उचलली. थोडा वेळ तो चित्राकडे पाहत राहिला, मग त्याने पहिला घाव घातला. वर्ख उडाला, हत्ती गेला, राजा गेला. सुटलेल्या गिलाव्यावर गुहेतले पाणी ओतले तसा चुना दह्यासारखा मऊ झाला आणि चौकट हाती आली.

नागदेवाने चौकट फिरवली. महालात वारे घोंगावत होते, पण ओळंबा सरळ लोंबत राहिला. राणीने पाचरी हातात दिल्या, राजाने चौकट पेलली, नागदेवाने ती ओळंब्यात बसवून चुना भरला.

"आता?" राजाने विचारले.

"आता चुना वाळेपर्यंत थांबायचे, महाराज."

राजा जमिनीवर बसला आणि थांबला. चुना वाळल्यावर राणीने झडप उघडली. पडदे बाहेरच्या बाजूला ताठ उभे राहिले, आणि सगळे वारे एकामागून एक डोंगर उतरून गेले. साळुंकीही गेली. खाली खळ्यांवर बायकांनी सुपे उचलली आणि राज्यभर पिवळे भूस उडाले. होड्यांची शिडे फुगली. त्या संध्याकाळी घरोघर चुली पेटल्या.

चितारी रंग घेऊन आले, तेव्हा राणी म्हणाली, "भिंत अशीच राहू द्या. दिवेलागणीला इथे बसून जेवू."

राजा तिच्यापाशी बसून जेवला, सावकाश, दोनदा भात मागून घेऊन. पश्चिमेकडून वारा आला, राणीच्या बटा हलवून निघून गेला. तसा तो तुमच्या घरी येवो, सुखाने बसो, सुखाने जावो.