पहिली पेठ

फार पूर्वीची गोष्ट. इतकी पूर्वीची, की ज्या राजधानीची ही गोष्ट आहे, तिच्या जागी तेव्हा नुसती ज्वारी डोलत होती.

एका राजाचं राज्य एवढं पसरलं, की दूरच्या प्रांतातलं गाऱ्हाणं त्याच्या कानी पोचेपर्यंत गाऱ्हाणं घालणारा म्हातारा व्हायचा. राजा म्हणाला, "त्या प्रांताला स्वतःची राजधानी हवी. आधी दोरी धरून आखा, मग बांधा. रस्ते सरळ, पेठा वेगळ्या, दाराशी पाणी." त्याने आपला सर्वांत हुशार कारभारी या कामावर नेमला.

कारभारी प्रांतभर फिरला आणि दोन ओढ्यांच्या मधल्या सपाट काळ्या रानात येऊन थांबला. जागा मनासारखी होती. फक्त तिथे एक गाव होतं.

गावचा पाटील हैबती. माणूस सरळ आणि शब्दाचा पक्का. गावात भांडण झालं तर लोक चावडीवर जायच्या आधी त्याच्या ओट्यावर जायचे. कारभारी त्याच ओट्यावर बसला, ताक प्याला आणि म्हणाला, "पाटील, तुमच्या रानात राजधानी उभी राहणार. गाव थोडे दिवस पूर्वेच्या माळावर हलवा. शहर पुरं झालं, की पहिली पेठ तुमच्या गावाची. राजाचा शब्द आहे."

गाव कुरकुरलं. काळी माती सोडून माळावर कोण जाईल? तेव्हा हैबती देवळापुढे उभा राहिला. "आपल्या पोरांना शहराचं पाणी मिळेल, शाळा मिळेल, वैद्य मिळेल. राजाने मला शब्द दिलाय, आणि मी तुम्हाला देतो."

राजाला कोणी पाहिलं नव्हतं. हैबतीला सगळे ओळखत होते. गाव उठलं.

हैबतीही निघाला होता. पण कारभारी म्हणाला, "तुम्ही इथेच राहा. जाणता माणूस हाताशी हवा." चौकाजवळ त्याला दगडी घर मिळालं, मानाची पगडी मिळाली. हैबतीने मनाची समजूत घातली, 'मी दरबारात असलो, तर पेठेची आठवण तरी देता येईल.' समजूत चांगली होती. घरही चांगलं होतं.

खोटं कशाला बोला, शहर देखणं झालं. रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना सावली. विणकरांची पेठ वेगळी, तांबटांची वेगळी. लांबलांबून माणसं आली आणि तिथलीच झाली. माळावरचे लोक रोज येऊन चुना मळत, दगड वाहत आणि दिवेलागणीला माळावर परतत.

हैबतीने कारभाऱ्याला पेठेची आठवण दिली. कारभाऱ्याने कापडावरचा नकाशा उलगडून त्यावर बोट ठेवलं. "ही काय तुमची पेठ! पण सध्या तिथे हत्तीखाना बांधतोय. हत्तींना ऊन सोसत नाही. तुमची माणसं काटक आहेत. आणि शहर अजून पुरं कुठे झालंय?"

हैबती घरी परतला. पुढच्या खेपेला त्याने जरा हळू आवाजात विचारलं. त्याच्या पुढच्या खेपेला विचारलंच नाही.

इकडे माळावरच्या लोकांनी दगड वेचून रान केलं. विहीर खणली. बांधावर लावलेल्या शेवग्याला शेंगा धरल्या. आणि एके दिवशी कारभारी म्हणाला, "पाटील, घोडदळाच्या छावणीला पूर्वेचा माळ लागणार. शिपाई पाठवले तर बोभाटा होईल. तुमचं ते ऐकतात."

हैबती पगडी घालून माळावर गेला. त्याची थोरली बहीण ठकूआक्का तिथेच राहत होती. शहरातल्या घरी ये म्हणून त्याने पुष्कळ विनवलं होतं, पण तिने गाव सोडलं नव्हतं. हैबती बोलला, लोकांनी खाली मान घालून ऐकलं.

आक्काने एवढंच विचारलं, "आणि विहीर?"

"छावणीला लागेल, आक्का."

गाव टेकडीमागच्या मुरमाड उतारावर गेलं.

बरीच वर्षं लोटली. हैबतीच्या मुलीचं लग्न ठरलं. शहरातल्या बड्या घरांना आमंत्रणं गेली. पण हैबतीच्या मनात आलं, की पहिली अक्षत आपल्या माणसांना द्यावी. तो कोणाला न सांगता एकटाच निघाला. मन हलकं होतं. किती वर्षांनी तो त्यांच्याकडे काही न मागता जात होता!

टेकडीची खिंड ओलांडली, तेव्हा सकाळच्या भाकरीचा धूर दिसत होता. तो उतार उतरू लागला, तसा एकेका घरावरचा धूर बंद झाला. जवळ गेला तर बायका चुलींवर पाणी ओतत होत्या. बाप्ये छपराच्या गाठी सोडत होते. एकाने शेळ्या सोडल्या होत्या.

"अरे, हे काय चाललंय?" हैबती ओरडला. "थांबा! मी लग्नाची अक्षत घेऊन आलोय!"

कोणाचे हात थांबले नाहीत. ठकूआक्का गाठोडं बांधत होती. तो तिच्यापुढे बसला. "आक्का, आई शपथ, कसला हुकूम नाही आणला. हे बघ, तांदूळ आहेत."

"दिसतात रे मला," आक्का म्हणाली. "पण आमच्या पायांना ते कळत नाही. तू दिसलास, की ते चालायला लागतात."

"आज कोणी तुम्हाला उठवत नाहीये!"

"आज नाही. पण शहर वाढायचं थांबलंय का?"

हैबतीने तांदूळ तिच्यापुढे धरले.

"मग उद्या येशील. उद्याचं आज उरकतो, एवढंच."

तिने त्याच्या हातातल्या अक्षता घेतल्या आणि डोळे मिटून शहराच्या दिशेने टाकल्या. "पोरीचा काय दोष? सुखात नांदू दे." मग तिने गाठोडं डोक्यावर घेतलं.

हैबती तिच्यामागे उठला. "निदान कुठे जाताय ते तरी सांग."

आक्का थांबली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुला सांगितलं, हैबती, तर तुला पुन्हा यावं लागेल."

ते गेले. कोणत्या वाटेने गेले, हे त्याने पाहिलं नाही. खाली मान घालून तो विझलेल्या चुलींपुढे बसून राहिला.

लग्न थाटात झालं. पंक्तीवर पंक्ती उठल्या. पण हळद दळताना ओव्या म्हणणारं घरचं कोणी नव्हतं. त्या म्हणायला भाड्याने बायका आणाव्या लागल्या, आणि त्यांनी नवरीचं नाव चुकीचं घेतलं.

पाऊसकाळ सरला. कारभाऱ्याने हैबतीला दरबारात बोलावलं. "पाटील, शहराच्या दगडासाठी टेकडीमागे खाण काढायची आहे. तुमच्या लोकांना समजवा."

"तिथे कोणी राहत नाही, सरकार. ते कधीच उठून गेले."

कारभारी प्रसन्न झाला. "सांगायच्या आत काम फत्ते! तुमच्यासारखा माणूस या राजधानीत दुसरा नाही." भरल्या दरबारात त्याने हैबतीच्या खांद्यांवर शाल घातली. लोकांनी वाहवा केली. हैबतीला ती शाल फेकून द्यायची होती. पण इतकी वर्षं मान तुकवून तुकवून मानेला दुसरं काही येत नव्हतं. तो वाकला आणि शाल घेऊन घरी गेला.

ते शहर आजही वाढतंय, आणि पुरं झालं असं अजून कोणी म्हणालेलं नाही.

म्हणून लहानांनो, मोठ्यांनो, ध्यानात ठेवा: ज्यांच्या सोबत उठून जायची आपली तयारी नाही, त्यांना दुसऱ्याच्या वतीने शब्द देऊ नये.