बँजोचं तेरावं कडं

नदीकाठच्या एका गावात नागोजी नावाचा तांबट राहत होता. घरामागच्या पडवीत दिवसभर त्याची हातोडी चालायची. धाकटा भाऊ केरोबा मात्र पुढच्या ओसरीवर बसून बँजो वाजवायचा. जत्रेतून आणलेलं ते गोल तोंडाचं वाद्य. लाकडी घेरावर कातडं ताणलेलं, वर तारा, आणि घेर व कातडं यांच्यामध्ये धातूचं एक कडं. या कड्यामुळेच आवाज खुलतो. केरोबाने ते स्वतः घडवलं होतं.

"दादा, जरा पुढं येऊन ऐक की," केरोबा रोज म्हणायचा.

"आणि घागरी कोण ठोकणार? तू?" नागोजी रोज म्हणायचा.

एकदा जुनं कातडं बदलायचं म्हणून केरोबाने कडं काढून कोपऱ्यात ठेवलं. त्याच आठवड्यात तो तापाने फणफणला आणि गेला. नागोजीने दुःख विसरायला स्वतःला कामात जुंपून घेतलं. कोपऱ्यातली मोडतोड न पाहताच भट्टीत टाकली. त्यात ते कडंही वितळून गेलं. ध्यानात आलं तेव्हा त्याची घागर होऊन बाजारात विकली गेली होती.

भावाचं जाणं देवाच्या हातचं होतं. कड्याचं जाणं त्याच्या स्वतःच्या हातचं. ते काही त्याला गिळवेना. केरोबाच्या बँजोचा तो आवाज एकदा, फक्त एकदा ऐकायचा, असं त्याने मनाशी धरलं.

मग तो कडी घडवू लागला. तांब्याचं केलं, आवाज बसका आला. पितळेचं केलं, कर्कश आला. फुटक्या काशाच्या थाळीचं केलं, तर आवाज गोड, पण परका. जाड केलं, बारीक केलं, भोकं पाडली. दर वेळी कातडं ताणायचं, बँजो मांडीवर घ्यायचा, कान लावायचा आणि म्हणायचं, "हा नव्हे." अशी तीन वर्षं गेली. लोक हसले. हसणाऱ्यांचं काय जातं? ज्याला एखाद्या आवाजाची भूक लागते, त्याचं भाकरीने भागत नाही.

केरोबाची बायको सगुणा हे सारं दारातून पाहत असे. नवऱ्याने तिला दोन-चार चाली शिकवल्या होत्या. एकदा धीर करून ती म्हणाली, "दादा, मी वाजवून बघू का?"

"आवाज जुळंस्तवर कुणी हात लावायचा न्हाई!" नागोजी खेकसला. ती आत गेली.

तेरावं कडंही फसलं, तेव्हा नागोजी बँजो मांडीवर घेऊन लहान मुलासारखा रडला. डोळे पुसून पाहतो, तो दारात सगुणा. तीही बँजोकडेच पाहत होती. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याने तिचा चेहरा नीट पाहिला आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"घे बाई," तो म्हणाला. "मला काय जमलं न्हाई. तू तरी वाजव. तुझंबी माणूस व्हतं ते."

तो मागे जाऊन घागर ठोकू लागला. सगुणा ओसरीवर केरोबाच्या जागी बसली. आधी बोटं अडखळली, मग सरावली. आणि मागच्या पडवीत, हातोडीच्या दोन ठोक्यांच्या मध्ये, नागोजीच्या कानी तो आवाज आला. तोच!

तो धावत पुढे आला. "कोणतं कडं घातलंस?"

"मी कुठं काय घातलं? तुमचंच हाय, आज नको म्हनलेलं."

नागोजी जागीच थबकला. केरोबा जिवंत असताना त्याने तो बँजो असा मांडीवर घेऊन, जवळून कधी ऐकलाच नव्हता. ऐकला होता तो मागून, दोन भिंतींपलीकडून, आपल्याच ठोक्यांच्या मधून, केरोबाच्या हातचा. आता तो हात सगुणाच्या बोटांत तेवढा उरला होता, आणि तिलाच त्याने दूर ठेवलं होतं.

"पुढं बसून ऐकता का, दादा?" सगुणाने विचारलं.

नागोजी मागे वळला. "नको. मागंच मला तो भेटतो. तू थांबू नको, बाई."

थोड्या वेळाने मागच्या पडवीत हातोडी पुन्हा सुरू झाली, पण फार हळू.

तात्पर्य: ज्या दुःखात दुसऱ्याचाही वाटा आहे, ते एकट्याने उराशी धरून बसू नये; वाटून घेतलं, तर गेलेल्या माणसाचा थोडा आवाज दोघांनाही ऐकू येतो.