साळूच्या पंजाचा ठसा

फार जुनी गोष्ट. डोंगरामागच्या रानात दर पाच पावसाळ्यांनी निवडणूक व्हायची आणि प्रत्येक पाणवठा आपला एक प्राणी रानसभेवर पाठवायचा. वयात आलेला कुठलाही प्राणी कुठल्याही पाणवठ्यावरून उभा राहू शकत असे. फक्त तिथलं पाणी पिणाऱ्या एकाने त्याच्यासाठी ओल्या मातीत पंजाचा ठसा उमटवायला हवा.

एकदा मोठ्या तळ्यावरचं सांबर करवंदीच्या डबक्यावर आलं. इथे मतदार थोडे, तेव्हा निवडून येणं सोपं, असा त्याचा होरा. "साळूताई, तेवढा ठसा द्या," ते डबक्याकाठच्या साळिंदराला म्हणालं. साळूने पंजा टेकवला. मग सांबर डबक्याभोवती हिंडलं, घरोघरी विचारपूस केली, गाळ उपसायचा शब्द दिला. तहान लागली की मात्र ते तळ्यावर जाऊन यायचं. साळू बघत होती.

मतदान गुपचूप, खडे टाकून झालं. मोजणीत डबक्यातलंच एक कासव निवडून आलं आणि सांबराच्या नावाचा एकही खडा निघाला नाही. त्याचं स्वतःचं मत तर तळ्यावर होतं.

"माझं नाव तुम्हीच सुचवलं होतंत," ते साळूला म्हणालं. "निदान तुमचं मत तरी?"

"उभं राहायचा हक्क तुमचा होता, तो मी कशाला अडवू?" साळू म्हणाली. "मत माझं होतं. इतके दिवस बोललात, घसा कोरडा पडला असेल. घोटभर पाणी पिऊन जा."

सांबराने डबक्याकडे पाहिलं आणि ते तळ्याच्या वाटेला लागलं.