खोटा माका

"आता आणखी काय ओळखायचं राहिलंय, बाबा?"

रेवणने टोपली ओट्यावर ठेवली आणि हात जोडले. हात जोडलेले होते, मान मात्र ताठ होती.

केवलनाथबाबा खलात सुंठ कुटत होते. खिंडीखालच्या त्या नाथमठात आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून आजारी माणसं येत. बाबांच्या हाताला गुण आहे, असं सगळे म्हणत. रेवण त्यांच्याकडे झाडपाला शिकायला राहिला, त्याला बरेच पावसाळे उलटले होते. अलीकडे लोक त्यालाही वाकून नमस्कार करू लागले होते.

त्या दिवशी बाबांनी त्याला काविळीवरच्या औषधासाठी माका आणायला पाठवलं होतं. ओढ्याकाठी माका मातला होता. पण त्याच्यातच मिसळून आणखी एक झाड वाढे. तीच बुटकी चण, तशीच खरखरीत पानं, तशीच सदऱ्याच्या गुंडीएवढी पांढरी फुलं. मठात त्याला खोटा माका म्हणत. निरोगी माणसाने खाल्ला तर पोट बिघडे, एवढंच. कावीळ झालेल्याच्या पोटात गेला, तर माणूस हातचा जाई.

"सगळा खरा आहे?" बाबांनी विचारलं.

"सगळा."

"पान चुरडून पाहिलंस?"

खऱ्या माक्याचा रस हाताला लागला की थोड्या वेळाने काळा पडतो. खोट्याचा पडत नाही. मठात नव्याने आलेल्याला हेच आधी शिकवत.

"आता त्याची गरज पडत नाही," रेवण म्हणाला. "नजर टाकली की कळतं."

"एकाही झाडापाशी अडला नाहीस?"

"नाही, बाबा."

बाबा त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले...

मग उठले. टोपली उचलून ओढ्यावर गेले आणि पाण्यात उपडी केली. ओढ्याला ओढ होती. बघता बघता सगळा पाला वळणाआड गेला.

रेवणची कानशिलं तापली. ओसरीवर माणसं बसली होती. त्यांच्यादेखत...

"माझं काय चुकलं?"

"ओसरीच्या टोकाला जो निजलाय," बाबा म्हणाले, "त्याचं डोकं मांडीवर घेऊन बस. मी सांगेन तेव्हा ऊठ."

निजला होता तो बिरू धनगर. त्याच्यासाठीच माका हवा होता. पहाटे त्याला बांबूच्या मोठ्या डालग्यात घालून डोंगरावरून खाली आणलं होतं. रेवणने त्याला तोवर पाहिलं नव्हतं. पाहायची गरजही त्याला वाटली नव्हती. रोग ठाऊक होता, औषध ठाऊक होतं.

त्याने डोकं मांडीवर घेतलं. ते तापलेलं होतं आणि वाटलं त्यापेक्षा हलकं होतं. बिरूचे डोळे अर्धवट उघडे होते, हळदीसारखे पिवळे. उशाशी त्याची बायको सगुणा पदराने वारा घालत होती.

"तुमीच आननार न्हवं औषद?" तिने विचारलं.

रेवणने मान हलवली.

"मग बरं हाय. तुमाला समदं वळखतं म्हनत्यात." ती पदर हलवतच राहिली. "ह्यांचा थोरला भाऊ ह्याच दुखन्यानं गेला. तवा आमी कुनाकडं आलोच न्हाई."

थोड्या वेळाने बिरूने रेवणचं मनगट धरलं. पकडीत जोर नव्हता, पण मनगट सोडवून घ्यावं असं रेवणला वाटेना.

"दादा," बिरू पुटपुटला, "मेंढरं आत घेतली का?"

सगुणाने तोंड फिरवलं.

"...घेतली," रेवण म्हणाला.

"समदी?"

सकाळी हाच शब्द त्याच्या तोंडून किती सहज गेला होता. आता तोच बाहेर पडेना. बिरू वाट पाहत होता.

"जा आता," मागून बाबांचा आवाज आला.

ओढ्याकाठी पोहोचून रेवण पहिल्याच झाडापाशी वाकला आणि त्याचा हात थांबला. माकाच होता. नक्की माकाच... त्याने शेजारचं झाड पाहिलं. तेही तसंच. फूल उलटं करून पाहिलं, पानाची कड बोटाने चाचपली. ज्या खुणा डोळे मिटून सांगता येत होत्या, त्या आता एकातून दुसऱ्यात मिसळू लागल्या.

त्याने पान चुरडलं, बोटाला लावलं आणि वाट पाहिली. डाग काळा पडला, तेव्हाच झाड उपटलं.

मग दुसरं. मग त्याच्या शेजारचं. बोटं काळी झाली, तळवे काळे झाले. त्यावर पुढचा डाग दिसेना, म्हणून तो मनगटावर लावू लागला. मग कोपरापर्यंत. काही डाग धड काळेही पडेनात, धड हिरवेही राहीनात. ती झाडं त्याने जागीच सोडली. ऊन डोंगराआड चाललं होतं. मागे मठात तो माणूस निजला होता. घाई करावीशी वाटत होती आणि करवत नव्हती.

तो परतला, तेव्हा टोपलीच्या तळाशी जेमतेम मूठभर पाला होता.

"एवढाच?" बाबांनी विचारलं.

"एवढ्याचीच खात्री आहे." तो टोपली हातात धरूनच उभा राहिला. मान खाली होती. "बाबा... तरी तुम्ही एकदा पाहून घ्या."

बाबांनी त्याच्या काळ्या पडलेल्या हातांकडे पाहिलं. मग तो मूठभर माका उचलून तसाच खलात टाकला आणि बत्ता त्याच्या हाती दिला.

बिरू जगला. महिन्याभराने काठी टेकत मेंढरांमागे जाऊ लागला. औषधाचा गुण, की त्याच्या आयुष्याची दोरी बळकट, कुणी सांगावं? सगुणा मठात येऊन रेवणच्या पाया पडली, तेव्हा तो ओशाळून दोन पावलं मागे सरला.

एक गोष्ट मात्र त्याच्या मनात सलत राहिली. एकदा बाबांसोबत औषधं वाळत घालताना त्याने ती विचारलीच.

"बाबा, तुम्ही ओढ्यात उपडी केलेल्या त्या टोपलीत खोटा माका किती होता?"

बाबांनी हातातली मुळी उन्हात ठेवली.

"कुणास ठाऊक," ते म्हणाले. "टोपलीत मी पाहिलंच नव्हतं."