अनलेस की अनटिल

“पण ‘अनलेस’ आणि ‘अनटिल’मध्ये मुलं इतकी का गोंधळतात, फादर?”

फादर लिगोरी नुकतेच उन्हातून आले होते. त्यांनी झगा खुंटीला अडकवला आणि खुर्चीत बसले. 

अन्सेल्म मच्याडो त्यांचा जुना विद्यार्थी. वसईकडच्या याच गावात त्यांच्यापाशी इंग्रजी शिकला. आता पुण्यात कॉलेजात व्याकरण शिकवायचा, आणि आपल्यासारखं कुणी शिकवत नाही हे त्याला ठाऊक होतं. बऱ्याच वर्षांनी गावात आला तो थेट चर्चशेजारच्या या खोलीत. घरी गेला नव्हता.

“तूच सांग,” फादर म्हणाले.

“सोपं आहे. मराठीत दोन्हीकडे ‘जोपर्यंत’ म्हटलं की भागतं, म्हणून घोळ. ‘अनटिल’मध्ये गोष्ट घडणार हे धरलेलंच असतं. कधी, एवढाच प्रश्न. ‘अनलेस’मध्ये अट असते. घडेल, नाहीतर कधीच घडणार नाही.”

“चांगलं शिकवतोस.”

अन्सेल्म सुखावला.

“सेलिनाच्या लग्नातही शिकवलं होतंस.”

…

सेलिना त्याची बहीण. तिच्या लग्नात वडिलांनी, बस्त्याव मच्याडोंनी, ग्लास उंचावून आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजीतून शुभेच्छांचा टोस्ट दिला. लेकीकडे बघत म्हणाले, “आय अ‍ॅम नॉट हॅपी अनटिल माय सेलिना इज हॅपी.”

“अनलेस, पप्पा! अनलेस!” अन्सेल्म मांडवातून ओरडला.

पाहुणे हसले. बस्त्यावनी हातातला ग्लास खाली ठेवला आणि भर मांडवात मुलाला चालतं व्हायला सांगितलं.

तो गेला. जाताना म्हणाला, तुम्ही बोलावल्याशिवाय या घरात पाऊल ठेवणार नाही.

…

“तुझं ते वाक्य इंग्रजीत सांग.”

“फादर…”

“सांग.”

“आय विल नॉट कम होम अनलेस ही कॉल्स मी.” अन्सेल्मची नजर खाली गेली. मग त्याने हळूच विचारलं, “बोलावलं का त्यांनी?”

“सेलिनाने तुला काय कळवलं?”

“आजारी आहेत, एवढंच.”

“वाचा गेलीय त्याची. आत्ता मरणाआधीचं शेवटचं पवित्र तेल लावून आलो मी त्याला.”

अन्सेल्मने खिडकीबाहेर बघितलं. घर चर्चच्या मागच्याच आळीत होतं.

“मला बघून चिडले तर? अशा वेळी…”

“हाताने खुणा करकरून खाट दाराकडे फिरवून घेतलीय त्याने.”

“ते वाऱ्यासाठीही असेल.”

फादर पुढे वाकले. मग म्हणाले, “शब्द बदल.”

“कुठला?”

“तुझ्या वाक्यातला.”

“आय विल नॉट कम होम अनटिल…” तो अडखळला. “म्हणजे ते बोलावणारच, असं धरून चालायचं.”

“मग चाल.”

अन्सेल्म उठला. दारापर्यंत गेला. एका चपलेत पाय घातला… आणि तसाच वळला.

“ते बोलू शकत नाहीत, फादर. त्यांनी बोलावलं हे मला कळणार कसं?”

फादर काही म्हणायच्या आत चर्चची घंटा वाजली.

एक ठोका. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा. गावात कुणी गेलं की ती अशीच वाजते.

अन्सेल्मने दाराची चौकट धरली. बाहेर आळीतून कुणी बाई रडत धावत गेली.

“फादर… फादर, सांगा ना काहीतरी.”

फादरांनी कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली. 

…

“आता दोन्हींतला कुठलाही शब्द वापर,” फादर म्हणाले.